विजेचें गिरमिट : यंत्रास एक पालक, कामास दोन माणसें

गेल्या दोन अंकांत या सदरांतून आम्हीं स्वयंपाकघरांतील विजेच्या उपकरणांचा विचार केला. त्यावर आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र आम्हांस विशेष विचारार्ह वाटलें, म्हणून या महिन्याचें सदर त्या पत्राच्या उत्तरादाखल लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. पुण्यांतील नऊ माणसांच्या एका कुटुंबांतील सूनबाई लिहितात :

"आमच्या घरीं ड्रिल मशीन आहे. भावोजींनीं तें हौसेनें आणलें. पण आतां तें कोणाचेंच नाहीं. ज्याला हवें तो नेतो आणि काम झालें कीं तेथेंच ठेवतो. गेल्या दिवाळींत पडद्याची दांडी बसवून झाल्यावर यंत्र तसेंच भिंतीशीं राहिलें, पिनही काढलेली नव्हती. वन्संच्या चार वर्षांच्या मुलानें तें उचललें आणि यंत्र गर्रकन् फिरलें. सासूबाई जवळच होत्या म्हणून निभावलें. तेव्हांपासून मामंजींनीं तें माळ्यावर टाकविलें आहे. मला स्वयंपाकघरांत एक फळी बसवावयाची आहे. मिस्त्री चार रविवार 'येतों' म्हणतो आणि येत नाहीं. मीं हें यंत्र शिकून चालवावें काय? मामंजींस तें रुचेल असें वाटत नाहीं."

आमचें उत्तर असें कीं, सूनबाईंनीं यंत्र अवश्य शिकावें आणि मामंजींचें भय सर्वथा रास्त समजावें. या दोन गोष्टींत विरोध मुळींच नाहीं. त्या दिवशीं दोष घडला तो यंत्र चालविण्यांत घडला नाहीं. तें चालवून झाल्यावर कोणाचें, हें ठरलेलें नव्हतें, त्यांत घडला. एकत्र कुटुंबांत जी वस्तु सर्वांची असते ती पुष्कळदां कोणाचीच नसते. छत्री हरवली, अडकित्ता सांपडेना, तर नुकसान थोडें. परंतु मिनिटास सुमारें तीन हजार फेरे घेणारें पोलादी पातें बेवारशी पडलें, तर तें घर भाग्यावरच विसंबून चाललें आहे असें म्हणावें लागतें.

यास्तव आमची पहिली सूचना ही कीं, प्रत्येक घरानें या यंत्रास एक पालक नेमावा. पालक म्हणजे यंत्र चालविण्याचा मक्तेदार नव्हे. यंत्र कोठें आहे, कोणीं नेलें, कोणत्या स्थितींत परत आलें, हें ज्यास सदैव ठाऊक असतें तो पालक. तें काम मुलानें करावें कीं सुनेनें, हा प्रश्नच गौण आहे; यंत्राच्या मुठीस स्त्रीपुरुष हा भेद कळत नाहीं, व्यवस्थितपणा मात्र नेमका कळतो. दुसरी सूचना : हें काम एकट्यानें कधींही करूं नये. एक माणूस यंत्रापाशीं, दुसरें विजेच्या बटणापाशीं. शहरांत एकटें राहणाऱ्यास ही चैन लाभत नाहीं. एकत्र कुटुंबास ती फुकट लाभलेली आहे, आणि तिचा उपयोग आपण क्वचित् करतों. पुढील सर्व विवेचन या दोन सूचनांचा विस्तार आहे असें वाचकांनीं समजावें.

यंत्राची ओळख

पूर्वीं सुतारापाशीं सामता असे व गिरमिट असे. सामता दोरीच्या ओढीनें फिरे, गिरमिट मनगटानें पिळावें लागे. दोहोंतही हात थांबला कीं हत्यार थांबे. विजेनें ही स्थिति पालटली. १८८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें आर्थर जेम्स आर्नट व विल्यम ब्लँच ब्रेन यांनीं विजेवर चालणाऱ्या ड्रिलचें पेटंट घेतलें. पुढें १८९५ सालीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें फाइन यांच्या कारखान्यांत हातानें उचलण्याजोगें ड्रिल तयार झालें. आज आपण ओळखतों तो आकार, म्हणजे पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानें दाबावयाचा घोडा, याचें पेटंट अमेरिकेंतील ब्लॅक व डेकर यांस १९१७ सालीं मिळालें. घोडा सोडला कीं वीज तुटते व यंत्र थांबतें. सामत्याचा जुना गुण या युक्तीनें विजेच्या यंत्रांत परत आला.

परंतु बहुतेक यंत्रांत घोड्याशेजारीं एक लहान खुंटी असते. घोडा दाबून ती आंत सारली म्हणजे बोट काढलें तरी यंत्र चालूच राहतें. कारखान्यांत एका मापाचीं शेंकडों भोंकें पाडावयाचीं असतां तिचा उपयोग असेल. घरांत तिचें कांहीं प्रयोजन नाहीं. खुंटी अडकलेली असतां कोणी पिन लावली, तर यंत्र जमिनीवरच थैमान घालूं लागतें. म्हणून पिन लावण्यापूर्वीं घोडा एकवार दाबून सोडावा व तो मोकळेपणानें मागें येतो कीं नाहीं हें पाहावें.

आतां विजेविषयीं. घरांतील वीज २३० व्होल्टची असते. सामान्य घरगुती ड्रिल ५०० ते ६०० वॅटचें असतें. म्हणजे तें सुमारें अडीच अँपिअर प्रवाह घेतें. मनुष्याच्या शरीरांतून ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह कांहीं क्षण वाहिला तर हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतूं शकतें. यंत्र चालण्यास जेवढा प्रवाह लागतो, त्याचा हा सुमारें ऐंशीवा भाग होय. घरांतील एमसीबी हा खटका ६, १० किंवा १६ अँपिअरचा असतो; तो तारांस जळण्यापासून राखतो, माणसास राखत नाहीं, हें त्यावरून सहज ध्यानांत येईल. माणसास राखणारा खटका निराळा. त्यास आरसीसीबी म्हणतात. गेलेली वीज व परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडण्यापूर्वींच तो घरांतील वीज तोडतो. ज्या घरांत हा खटका नाहीं त्यांनीं ड्रिल विकत घेण्याआधीं तो बसवून घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. त्यावर परीक्षेचें एक लहान बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. दाबतांच वीज जात नसेल तर खटका निकामी झाला असें समजावें. इतकें असूनही, एका हातीं फेजची व दुसऱ्या हातीं न्यूट्रलची उघडी तार आली, तर हा खटकाही वांचवूं शकत नाहीं. कारण त्याच्या हिशेबीं गेलेली वीज परत आलेलीच असते.

कित्येक वाचकांस शंका येते कीं, ड्रिलच्या पिनेस तिसरा, अर्थिंगचा कांटा नसतो, तो कारखानदाराचा कुचराईपणा तर नव्हे? यंत्राच्या पट्टीवर चौकोनांत चौकोन अशी खूण असेल तर शंका नसावी. तिचा अर्थ असा कीं, आंतील विजेच्या भागांभोंवतीं विद्युत्-रोधक आवरण दुहेरी आहे व अर्थिंगची गरज ठेवलेली नाहीं. मात्र तें आवरण तडकलें, किंवा यंत्रांत पाणी गेलें, तर या दुहेरी कवचावर भरंवसा ठेवतां येत नाहीं.

पिनेचा नियम

सर्व नियमांत हा नियम मुख्य : पात्यास हात लावण्यापूर्वीं पिन बोर्डांतून काढावी. केवळ बटण बंद करून भागत नाहीं, कारण बटण दुसरा कोणीही चालू करूं शकतो. एकत्र कुटुंबांत तर पंखा समजून तें हमखास चालू केलें जातें. पातें, ज्यास बाजारांत बिट म्हणतात, तें धरणाऱ्या जबड्यास चक म्हणतात. चक आवळावयाची दांतेरी किल्ली असते. बिट बसवितांना ती चकाच्या तिन्ही भोंकांत आळीपाळीनें घालून आवळावें. एकाच भोंकांतून आवळल्यास पकड तिरपी बसते. आवळून होतांच किल्ली काढावी. किल्ली चकांत विसरून यंत्र सुरू केलें तर ती गोफणीच्या दगडासारखी सुटते आणि बहुधा चालविणाऱ्याच्याच तोंडावर येते.

यास एक सोपी युक्ति आहे. किल्ली अडकविण्याचें रबरी कडें मिळतें. तें दोरावर यंत्राजवळ न बसवितां अगदीं पिनेलगत बसवावें. मग किल्ली हवी झाली कीं पिन हातीं घ्यावीच लागते, आणि ती हातीं आली म्हणजे बोर्डांतून निघालीच. स्मरणशक्तीवर सोंपविलेला नियम केव्हां तरी चुकतो. वस्तूच्या मांडणींत गोंवलेला नियम सहसा चुकत नाहीं.

कामापूर्वींची तयारी

फिरतें पातें जें लोंबतें तें ओढून घेतें. पदर घट्ट खोंचावा, ओढणी काढून ठेवावी, वेणी बांधून वर घ्यावी, मंगळसूत्र व जानवें कपड्याच्या आंत असावें, सैल बाह्या कोंपरापर्यंत दुमडाव्या. हातमोजे सुरक्षिततेसाठीं म्हणून पुष्कळजण घालतात. ड्रिल चालवितांना सैल किंवा सुती हातमोजे घालूं नयेत, कारण मोज्याचा एक धागा पात्यांत गुंतला तर बोटें त्यामागून जातात. डोळ्यांस बाजूनें बंद असलेला चष्मा अवश्य हवा. वाचण्याचा चष्मा हा त्याचा पर्याय नव्हे. विटा व सिमेंट यांच्या धुळींत सिलिका असते व ती फुप्फुसास अपायकारक आहे, म्हणून नाकातोंडावर नीट बसणारा मास्क लावावा. वाळूच्या धक्क्याप्रमाणें ठोके देणाऱ्या हॅमर ड्रिलचा आवाज कानांस इजा करण्याइतका मोठा असतो. त्यास कानांतील बोळे वापरावेत. घरांतील वडील मंडळींची वामकुक्षी व शेजाऱ्यांच्या मुलांच्या परीक्षा यांचा विचार करून वेळ ठरवावी, हेंही तयारींतच मोडतें.

भिंत निवडतांना ती आंतून कशी आहे याचा विचार करावा. हल्लींच्या इमारतींत विजेच्या तारा भिंतींत पुरलेल्या नळ्यांतून जातात. त्या नळ्या सामान्यतः बोर्डाच्या सरळ वर, सरळ खालीं अथवा त्याच रेषेंत आडव्या गेलेल्या असतात. स्नानगृहांत व स्वयंपाकघरांत नळाच्या तोटीच्या रेषेंतही पाण्याची नळी असण्याचा संभव असतो. या रेषांवर भोंक पाडूं नये. जुन्या इमारतींत नियम सोडूनही तारा नेलेल्या आढळतात. म्हणून ज्या खोलींत काम करावयाचें तिचा विजेचा खटका खालीं पाडावा आणि ड्रिलपुरती वीज दुसऱ्या खोलींतून एक्स्टेन्शन बोर्डानें आणावी. भिंतींतील तार शोधणारीं लहान उपकरणें मिळतात, तीं मदतीस घ्यावीं, परंतु तीं चुकतातही. घराची दुरुस्ति निघाली असतां, गिलावा होण्यापूर्वीं उघड्या भिंतींचीं छायाचित्रें काढून ठेवणें, हा याहून खात्रीचा उपाय होय. इमारतीचे सिमेंट काँक्रीटचे खांब व तुळया यांत लोखंडी सळया असतात. तेथें शक्यतों भोंक पाडूं नये.

एक्स्टेन्शन बोर्डाची तार गुंडाळी पूर्ण उलगडून वापरावी. गुंडाळलेली तार तापते. तार दारांत चेंगरूं देऊं नये, गालिच्याखालून नेऊं नये. बोर्डास स्वतःचें बटण असावें, आणि दुसऱ्या माणसाची जागा त्या बटणापाशीं असावी. त्या माणसाचीं कामें तीनच : पात्याकडे नजर ठेवणें, 'बंद' असा शब्द ऐकतांच किंवा कांहीं विपरीत दिसतांच बटण बंद करणें, आणि लहान मुलांस उंबऱ्याच्या आंत न येऊं देणें. धूळ झेलण्याच्या कामीं त्यास लावूं नये. त्यासाठीं भोंकाच्या खालीं जुन्या पाकिटाचा द्रोण करून चिकटवावा.

भोंक पाडण्याची रीति

प्रत्येक पदार्थाचें बिट निराळें. विटा व सिमेंट यांस टोंकाला कार्बाइडचा तुकडा जडविलेलें बिट लागतें आणि ठोक्यांची, म्हणजे हॅमरची, कळ लावावी लागते. लाकडास व धातूस ती कळ लावूं नये. धातूंत भोंक पाडतांना गति मंद ठेवावी व तेलाचा थेंब सोडावा. भिंतीवरील फरशीस तिचें निराळें बिट असतें. घसरूं नये म्हणून खुणेवर कागदी चिकटपट्टी लावावी, हॅमर बंद ठेवावा, आणि फरशी पार होऊन विटांचा भाग लागल्यावरच बिट पालटून ठोके द्यावे. हॅमर लावून फरशीवर काम केल्यास ती तडकते आणि दोष मात्र यंत्रावर येतो.

लहान वस्तु हातांत धरून तींत भोंक पाडूं नये. पातें पलीकडे निघतां निघतां अडकतें आणि वस्तु हातांतून हिसडून घेऊन पंख्यासारखी फिरते. पत्र्याचा तुकडा असेल तर तो बोटें कापतो. वस्तु टेबलास क्लॅम्पनें जखडावी.

यंत्र दोन हातांनीं धरावें. बाजूची मूठ असेल तर ती लावावीच. भिंतींतील सळईस पातें अडलें म्हणजे पातें थांबतें आणि यंत्र हातांत फिरूं पाहतें. मनगट मुरगळतें तें अशा वेळीं. पाय किंचित् अलग रोंवून उभें राहावें. उंचीवर काम असेल तर पक्की शिडी घ्यावी. चाकांची खुर्ची, उलटा डबा, पाटांची उतरंड यांवर चढून ड्रिल चालविणें म्हणजे दोन अपघातांस एकदम आमंत्रण होय.

भोंकाच्या खोलीइतकें अंतर मोजून बिटावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी. सुरुवात मंद गतीनें करावी, खूण धरली कीं गति वाढवावी. जोर लावूं नये. यंत्रास त्याचें काम करूं द्यावें. मधून मधून पातें फिरतें ठेवूनच किंचित् बाहेर घ्यावें, म्हणजे भुकटी निघते. भुकटीकडे लक्ष द्यावें. पांढरी वा करडी आली तर गिलावा चालू आहे, तांबडी आली तर वीट लागली. भुकटी थांबली व पातें पुढें सरेना, तर आंत लोखंड किंवा दगड आहे, जागा बदलावी. गिलावा बहुधा १२ ते २० मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यांत वजन पेलण्याचें बळ नसतें. फळीवर डाळींचे डबे ठेवावयाचे असतील तर प्लग गिलाव्यापलीकडे विटेंतच बसला पाहिजे.

पूर्वीं भिंतींत लाकडी गट्टू ठोकून त्यांत स्क्रू फिरवीत. १९११ सालीं इंग्लंडांतील जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनीं तंतूंचा लहान प्लग काढला. आपल्याकडे जो 'रॉल प्लग' हा शब्द रूढ आहे तो त्यावरूनच. पुढें १९५८ सालीं जर्मनींतील आर्थर फिशर यांनीं नायलॉनचा प्लग काढला आणि आज बहुधा तशाच जातीचे प्लग वापरतात. स्क्रू आंत शिरतो तसा प्लग फुगून विटेस धरतो. म्हणून प्लग ६ मिलिमीटरचा असेल तर बिटही ६ चेंच हवें. 'थोडें मोठें असूं दे' असें म्हणून ८ चें भोंक पाडलें, तर प्लग फुगूनही कशासच धरीत नाहीं, आणि फळी कांहीं दिवसांनीं डब्यांसकट खालीं येते.

निगा

ड्रिलचें इंजिन साधें आहे. फिरत्या भागास वीज पोंचविण्यासाठीं दोन बाजूंनीं कार्बनचे लहान ठोकळे स्प्रिंगनें दाबून धरलेले असतात. त्यांस ब्रश म्हणतात. ते झिजावे अशीच योजना असते. यंत्र चालतांना फटींतून बारीक निळसर ठिणग्या दिसतात, त्या स्वाभाविक आहेत; परंतु ठिणग्यांचें कडें दिसूं लागलें, यंत्र अडखळूं लागलें, तर ब्रश झिजले असें समजावें. किती झिजेपर्यंत चालवावें याचें माप यंत्रासोबतच्या पुस्तिकेंत असतें. दोन्ही ब्रश एकदम आणि त्याच बनावटीचे बदलावेत.

यंत्र थंड राखणारा पंखा त्याच्याच दांड्यावर बसविलेला असतो. त्यामुळें मंद गतीनें जड काम बराच वेळ केलें तर उष्णता अधिक व वारा थोडा अशी स्थिति होते. यंत्र तापल्यास तें बंद करून ठेवण्याऐवजीं भिंतीपासून दूर धरून एखादें मिनिट पूर्ण गतीनें मोकळें फिरवावें, मग थांबवावें. जळकट वास आला अथवा धूर दिसला तर मात्र तात्काळ बंद करून पिन काढावी. उलट-सुलट फिरविण्याची कळ पातें पूर्ण थांबल्यावरच पालटावी.

काम झाल्यावर, पिन काढूनच, हवेच्या फटींतील धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी, कोरड्या फडक्यानें यंत्र पुसावें. पाणी, रॉकेल, पेट्रोल यांपैकीं कांहींही लावूं नये. पेट्रोलची वाफ पेटते व प्लास्टिक खराब होतें. चकाच्या जबड्यांत तेलाचा एक थेंब पुरे. बिटांवर तेलाचा हात फिरवावा, नाहींतर पावसाळ्यांत त्यांस गंज चढतो. दोर यंत्राभोंवतीं करकचून गुंडाळूं नये. तो मुठींतून निघतो तेथेंच आंतील तार तुटते. सैल वेटोळें करावें. दोरास धरून यंत्र उचलूं नये, दोर ओढून पिन काढूं नये. दोराचें आवरण फाटलें असेल तर चिकटपट्टी गुंडाळणें ही दुरुस्ति नव्हे. दोरच बदलून घ्यावा. कोंकणांत व मुंबईसारख्या दमट हवेंत यंत्र त्याच्या पेटींत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावें. यंत्र भिजलें असेल तर तें वाळलेलें दिसलें तरी कारागिराकडून आवरणाची विद्युत्-परीक्षा झाल्यावांचून लावूं नये.

पालकानें पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस एक कागद चिकटवावा. त्यावर नेणाऱ्याचें नांव, तारीख, आणि परत येतांना तीन उत्तरें : किल्ली आहे काय, दोर अखंड आहे काय, चकांतून बिट काढलें काय. पेटीस लहानसें कुलूप असावें व तें मुलांच्या हातीं न लागेल अशा ठिकाणीं असावें. बाहेरचा कारागीर आपलें यंत्र घेऊन आला तरी पिनेचा व दुसऱ्या माणसाचा नियम त्यासही लागू करावा. तो अनुभवी असेल. परंतु घरांतील मुलें त्याच्या सवयींस सरावलेलीं नसतात, आणि त्याचाही जीव आपल्या छपराखालीं आपल्याच जबाबदारीचा असतो.

अपघात झाल्यास

एवढें करूनही कोणास विजेचा धक्का बसला, तर त्या माणसास हात लावूं नये. हें सांगणें सोपें व पाळणें कठीण. आई मुलाकडे धांवतेच. म्हणून घरांतील प्रत्येकानें, दहा वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत, मुख्य खटका कोठें आहे हें प्रत्यक्ष जाऊन पाहिलेलें असावें. प्रथम वीज तोडावी. तें शक्य नसेल तर कोरड्या पाटावर उभें राहून कोरड्या लांकडी काठीनें तार दूर सारावी. मग १०८ किंवा ११२ या क्रमांकास कळवावें. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, मिनिटास १०० ते १२० या गतीनें, मदत येईपर्यंत जोरानें दाब देत राहावें. घरांत एकाहून अधिक माणसें असतील तर दर दोन मिनिटांनीं पाळी बदलावी. ही क्रिया घरांतील दोघांनीं तरी प्रत्यक्ष शिकून ठेवावी. धक्का बसलेला मनुष्य उठून बसला व 'कांहीं झालें नाहीं' म्हणाला, तरी त्यास वैद्यकीय तपासणीस नेलेंच पाहिजे. हृदयाच्या गतींतील बिघाड वरून दिसत नाहीं.

ज्या घरांत यंत्र माळ्यावर पडलें आहे तेथें तें येत्या रविवारीं खालीं काढावें. पहिल्या दिवशीं भिंतीस हात लावूं नये. पिन न लावतांच बिट बसविणें, काढणें, किल्ली फिरविणें, घोडा दाबून सोडणें, हें सर्वांसमक्ष करून पाहावें; मग एखाद्या टाकाऊ फळींत, ती क्लॅम्पनें जखडून, दहा भोंकें पाडावीं. वडील माणसांनीं बटणापाशींची जागा घ्यावी. ती मानाची जागा आहे, कारण यंत्र थांबविण्याचा अधिकार तेथें आहे. आणि त्याच दिवशीं, यंत्र पेटींत परत जाण्यापूर्वीं, त्याचा पालक कोण हें ठरवून झांकणावरील कागदावर पहिलें नांव लिहावें.

पुढील अंकीं घरांतील शिडी व उंचावरील कामें यांविषयीं लिहिण्याचा आमचा मानस आहे. त्या संबंधीं ज्यांस कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं या महिन्याच्या अखेरीपूर्वीं लिहावें.